दोन्हीकडे सारखं

सोमवार, ४ तारीख

माझा ड्रॉइंग बोर्ड थोरल्याने उचलून लोखंडाच्या कोठारात नेऊन ठेवला. मला न विचारता. त्या जागी कॉम्प्युटर मांडला आणि वर म्हणतो, "बघ आई, खोली कशी मोठी वाटते!" मोठी वाटून काय करू? मी तिथे फुगडी घालणार आहे? ज्या बोर्डावर ह्यांनी आणि मी मिळून या गावातल्या निम्म्या जिन्यांचे कठडे काढले, त्याला आता गंजक्या पट्ट्या टेकवून ठेवल्या आहेत. हे असते तर कुणाची हिंमत झाली नसती.

कॉम्प्युटर शिकवायचं काम धाकटीकडे आलं. शिकवते बरी, पण चेहरा असा की जणू सक्तमजुरी. पूर्वी रेघ मारली की रेघ तिथेच राहायची. आता रेघांना नाती असतात. ही हिला समांतर, ती तिच्याशी काटकोनात, हिचं टोक तिच्या टोकाला चिकटलेलं. एकीला ढकललं की सगळा गोतावळा सरकतो. या नात्यांना बंधन म्हणायचं. दुपारभर मी एक साधी चौकट काढत होते आणि ती दुपारभर माझ्या अंगावर येत होती.

त्यातलं एकच बंधन मला पसंत पडलं. सममितीचं. मधली एक रेघ धरायची, अलीकडची वस्तू निवडायची, पलीकडची निवडायची, की झालं दोन्हीकडे सारखं. पुढे काहीही बदला, सारखंच राहणार.

"हे यंत्र माझ्या स्वभावाचं आहे," मी म्हटलं.

"अगदी," धाकटी म्हणाली. "फक्त एक लक्षात ठेव. आधी ज्याला क्लिक करशील तो जागेवर राहतो. हलावं लागतं ते दुसऱ्याला."

"हलला म्हणून काय झिजला का? सारखं झालं ना?"

यावर ती चहा करायला उठली. चहा तर समोर वाफाळत होता.

बुधवार, ६

सकाळी दात घासता घासता धाकटीने बातमी दिली. पूल बांधणाऱ्या एका मोठ्या कचेरीत तिला बोलावलं आहे. दुसऱ्या शहरात. महिनाअखेरीला हो किंवा नाही सांगायचं.

"मग नाही सांग," मी म्हटलं.

"अजून ठरवलं नाही."

यात ठरवायचं काय आहे? वर्कशॉप दोघांच्या नावाने करायचं मी केव्हाच ठरवून टाकलं आहे. निम्मं निम्मं. दोन टेबलं एकाच सुताराकडून, एकाच लाकडाची करून घेतली. खुर्च्या सारख्या. दिवे सारखे. नकाशांच्या खाली सहीच्या चौकोनात दोघांचीही नावं जातात, काम कुणीही केलेलं असो. आणि ही म्हणे ठरवलं नाही.

या घरात मी कधी फरक केला नाही. लोक मुलगा मुलगा करत नाचतात, ते आमच्याकडे झालं नाही. थोरल्याला सायकल आली त्याच दिवशी धाकटीलाही आली. थोरला सायकलवरून पडून हात मोडून बसला, तेव्हा दोन्ही सायकली विकल्या. थोरल्याला पोहायची भीती वाटायची, तर धाकटीचंही पोहणं बंद केलं. नाहीतर तो बिचारा काठावर आणि ही पाण्यात, ते काय बरं दिसलं असतं? त्याला बाहेरगावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला नाही. हिला मिळाला होता, पण हीदेखील इथेच शिकली. शेजारीपाजारी म्हणायचे, मुलांना वाढवावं तर बाईंसारखं.

आता एक इथे आणि एक तिथे. मग सारखं कसं राहायचं? याचा विचार आहे का कुणाला?

शुक्रवार, ८

वाचनालयाचं काम आलं. जुनं, उंच छताचं दालन. आत शिरलं की समोर दोन जिने, एक डावीकडून आणि एक उजवीकडून गोलावा घेत वर चढतात आणि मधल्या सज्जावर मिळतात. लाकडी कठडे पोखरून गेले म्हणून लोखंडी करायचे. मुलं लहान असताना मी त्यांना तिथे बसवून कामाला जायची.

थोरला माप घ्यायला गेला आणि जेवायच्या आत परत आला. तेव्हाच मला कळायला हवं होतं. फक्त डाव्या जिन्याचं माप घेऊन आला होता.

"आणि उजवा?" धाकटीने विचारलं.

"उजवा म्हणजे डावाच की. आरशात."

"मोजलास?"

"पायऱ्या मोजल्या. दोन्हीकडे तेवढ्याच. रुंदी बघितली. आणखी काय, पत्रिका मांडू?"

"दादा, उजवीकडच्या खालच्या पायऱ्या आवळलेल्या आहेत. तिथे वळण जास्त आहे."

"तुला कसं माहीत?"

"मी त्यावर बसायचे ना. तू डाव्या जिन्यावर, मी उजव्या. आईनेच वाटून दिले होते. तिसऱ्या पायरीवर पुस्तक आणि पाय एकदम मावायचे नाहीत."

थोरला हसत सुटला. "लहानपणी मापात बसत नव्हतीस, आता माप तुझ्यात बसवायचं का?"

धाकटी टेप घेऊन निघाली होती. मी अडवलं. एकाने घेतलेलं माप दुसऱ्याने तपासायचं, ही पद्धत आपल्याकडे नाही. भावाच्या पाठीमागे जाऊन त्याचं काम मोजायचं म्हणजे त्याचा पाणउतारा. मी म्हटलं, "डाव्याचंही माप पुन्हा घेणार आहेस का?"

"डाव्याचं बरोबर आहे."

"मग उजव्याचंही घ्यायचं नाही. तपासायचं तर दोन्ही, नाहीतर एकही नाही."

तिने टेप टेबलावर ठेवला. आपटला नाही, ठेवला. त्याचा मला जास्त राग आला.

डावा जिना तिने काढून दिला. उजवा मी काढला. म्हणजे काढायचा काय, मधली रेघ धरली, डाव्यावर क्लिक केलं, उजव्यावर क्लिक केलं. एका झटक्यात सगळ्या उभ्या सळया आपापल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या, कवायतीला उभ्या राहाव्यात तशा. बोर्डावर याला दोन दिवस लागले असते. मी धाकटीला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "छान दिसतंय."

छानच दिसत होतं.

मंगळवार, १९

आज माझं डोकं ठिकाणावर नाही, पण लिहिल्याशिवाय उतरणार नाही.

कठडे बसवायला सगळे गेलो. डावा बसला. इतका सफाईने बसला की आमचा वेल्डर, ज्याला सगळे ठिणगी म्हणतात, तो शीळ घालायला लागला. मग उजवा उचलला. वरचं टोक सज्जाला लावलं तर खालचे खांब पायरी सोडून हवेत. खालचे पायरीवर टेकवले तर वरचं टोक सज्जापासून हातभर लांब. फिरवून पाहिला, तिरका करून पाहिला. थोरल्याने तर खांद्याने रेटून पाहिला.

ठिणगीने चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "बाई, हा कठडा या जिन्याचा नाही. याच्या भावाचा आहे."

सगळे हसले. ग्रंथपाल बाईसुद्धा. मी हसले नाही.

थोरला काय म्हणाला असेल? "आई, आपली चूक शून्य आहे. चूक गवंड्याची." ज्या गवंड्याची हाडंसुद्धा आता राहिली नसतील, त्याच्या नावाने याने बोटं मोडली. ग्रंथपाल बाईंनी उजव्या जिन्याला दोरी बांधली. वर वाचायला येणारे बहुतेक म्हातारे, आधाराला धरायला काही नको का? आता सगळ्यांनी डावीकडून चढायचं, डावीकडूनच उतरायचं. एक आजोबा दोरीपाशी काठी टेकवून म्हणाले, "मी गेली कित्येक वर्षं उजवीकडूनच जातो." मी त्यांनाही फटकारलं. बिचाऱ्यांचा काय दोष?

घरी आल्यावर मी दोघांनाही झापलं. सारखं झापलं. थोरल्याला म्हटलं, डोळे काय खिशात ठेवून गेला होतास? धाकटीला म्हटलं, माहीत होतं तर ठासून का नाही सांगितलंस? थोरल्याने मान खाली घातली आणि अर्ध्या तासाने जेवायला बसला. धाकटी जेवली नाही.

"मी सांगितलं होतं," एवढंच म्हणाली.

"एकदा सांगितलंस. दहादा सांगायचं होतंस."

"दहादा सांगितलं की तू म्हणतेस, सारखी सारखी कटकट करू नकोस."

उलट उत्तरं द्यायला मात्र जीभ बरोबर वळते.

बुधवार, २०

मी ठरवलं, हे मीच निस्तरणार. थोरल्याला वाचनालयात पाठवलं आणि सांगितलं, उजवीकडच्या खालच्या पायरीचं माप फोनवर सांग. त्याने सांगितलं. मी ते उजव्या बाजूला टाकलं आणि बघते तर काय, डावा जिनासुद्धा आवळला! तो बसलेला, घट्ट झालेला, ठिणगीने शीळ घालून पास केलेला डावा! मी उलटं केलं, डाव्याचं खरं माप परत टाकलं, तर उजवा पुन्हा पहिल्यासारखा ऐटीत उभा. दोन्ही मापं एकदम टाकली तर लाल अक्षरात तक्रार, की बंधनं एकमेकांना छेद देतात. मी माउस आपटला. त्याची शेपटी असती तर धरून भिंतीवर मारला असता.

धाकटी दारात उभी राहून बघत होती. किती वेळ, कोण जाणे.

"एकाला खरं केलं की दुसरा खोटा होतो," मी म्हटलं. "भिकार यंत्र आहे."

"यंत्र बरोबर आहे. तू बांधून ठेवलंयस त्यांना. बंधन काढ."

"काढलं तर सगळं विस्कटेल."

"काढून तर बघ."

काढलं. मी डोळे मिटून घेतले होते, खोटं का बोला. उघडले तर काही झालं नव्हतं. एक रेघ हलली नव्हती. सगळं होतं तिथेच, जसंच्या तसं.

"हे काय? सुटले ना?"

"सुटले."

"मग जात का नाहीत?"

"सुटले म्हणून लगेच कुणी पळत नाही, आई. आता उजव्याला त्याचं स्वतःचं माप दे. मग तो जिथे जायचा तिथे जाईल."

सरळ सांगायचं तर, या मुलीला शिकवायची हातोटी आहे. पण बोलताना असं टोचून का बोलते, ते कळत नाही.

गुरुवार, २१

आज उजवा जिना मोजायला मी आणि धाकटी गेलो. थोरला म्हणाला, "मी पण येतो, चूक माझी आहे." मी म्हटलं, "तू डावा मोजलास, तो बरोबर निघाला. आता घरी बस." तोंड एवढंसं झालं त्याचं. झालं तर झालं.

जाताना कपाटातून ह्यांचा ओळंबा काढला. पितळी, दोरी अजून मजबूत. हे गेल्यापासून तो कपाटातच होता. दोघांनीही मागितला होता. दोन असते तर दोघांना दिला असता. एकच आहे, म्हणून कुणालाच नाही, असं मी तेव्हा सांगून टाकलं होतं. कापून देणार होते का?

मी वर सज्जात उभी राहून दोरी सोडली, धाकटी खाली पायरीपायरीवर टोक बघून आकडे सांगत गेली. डोळा ह्यांचा आहे तिचा. ओळंबा डुलायचा थांबेपर्यंत श्वास धरून बसते, तेही त्यांच्यासारखंच. तिसऱ्या पायरीशी आली तेव्हा थांबली आणि तिथेच टेकली.

"बघ," म्हणाली. पावलं पुढे ठेवून दाखवली. मोठ्या बाईची पावलं, पायरीच्या बाहेर आलेली. "लहानपणी पण असंच. मग मी पुस्तक मांडीवर घ्यायचे आणि पाय खाली सोडायचे."

"मग डावीकडे जाऊन बसायचंस."

"तिकडे दादा होता."

"त्याला सांगायचं, सरक."

ती हसली. मग विचारलं, "आई, तू आधी कोणाला क्लिक केलं होतंस?"

"डाव्याला," मी म्हटलं. "डाव्याचं माप आधी आलं होतं."

"हो ना. आधी आला होता."

यात हसण्यासारखं काय होतं आणि मग डोळे पुसण्यासारखं काय होतं, मला उमगलं नाही. दालनात जुन्या पुस्तकांची धूळ फार आहे. ग्रंथपाल बाईंना सांगायला हवं. मी वरून ओरडले, "चौथी पायरी सांग, माझा हात अवघडला." तिने सांगितली. चौथीसुद्धा डाव्यापेक्षा वेगळी निघाली. एकूण एक पायरी वेगळी निघाली. वरून बघताना मला ते कधी दिसलं नव्हतं. वरून दोन्ही जिने अगदी सारखे दिसतात.

मंगळवार, २६

उजवा बसला. ठिणगीने या वेळी शीळ घातली नाही, कठड्यावरून नुसता हात फिरवत वरपर्यंत गेला आणि तसाच खाली आला. ग्रंथपाल बाईंनी जिन्याची दोरी सोडली. ते परवाचे आजोबा आले, काठी बगलेत मारली, कठडा धरला आणि उजवीकडून चढून गेले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बरोबरच केलं.

नकाशाच्या सहीच्या चौकोनात थोरल्याने सवयीने दोघांची नावं टाकली होती. उजव्या जिन्याच्या नकाशावरून मी त्याचं नाव काढायला लावलं.

"आई, आपल्याकडे दोघांची असतात."

"उजवा तू मोजलास?"

"नाही."

"काढलास?"

"नाही."

"मग खोड."

"डाव्यावर तिचं राहू दे?"

"डावा तिनेच काढला होता. राहू दे."

तो बघतच राहिला. त्याचा हिशोब जुळेना. माझाही जुळत नव्हता, पण मी ते दाखवलं नाही.

संध्याकाळी मी धाकटीला म्हटलं, "झालं मनासारखं? आता त्या पूलवाल्यांना नाही सांगून टाक."

"मी हो सांगितलंय."

"कधी?"

"आज सकाळी."

म्हणजे सही एकटीच्या नावाने केली ती फुकट गेली. मी तिला तोंडावर तसं म्हटलंही. ती म्हणाली, "फुकट नाही गेली. ती नसती तर मी भांडून गेले असते." म्हणे भांडून गेले असते! जायचंच आहे तर भांडून काय आणि न भांडून काय. मी चार भांडी घासलेलीच पुन्हा घासली.

रविवार, ३१

धाकटी गेली.

बॅग मीच भरली. तिला नीट घड्या घालता येत नाहीत, कोपरे जुळत नाहीत. सगळ्यात खाली, लोकरी कपड्यांमध्ये गुंडाळून, ओळंबा ठेवला. थोरला दाराशी उभा होता.

"आई, बाबांचा ओळंबा?"

"हो."

"आणि मला?"

इतक्या वर्षांत या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं असं झालं नव्हतं. जे तिला ते तुला, जे तुला ते तिला. आज मी बॅगेची चेन ओढली आणि म्हटलं, "तुला नाही."

वाटलं होतं, रुसेल. तो खाली बसला, बॅगेवर गुडघा ठेवून चेन लावायला मदत केली आणि म्हणाला, "मला तसाही तो स्थिर धरता यायचा नाही." मग बॅग उचलून गाडीपर्यंत पोचवून आला. एवढं समजत होतं तर आधी का नाही बोलला? मूर्ख.

निघताना धाकटीने माझा पदर ओढून सारखा केला आणि बजावलं, "आई, सारखा फोन करू नकोस हं."

"मला कामं नाहीत का?"

गाडी वळणापलीकडे गेली तरी थोरला हात हलवत होता. त्याला सांगावं लागलं, आता खाली घे.

बुधवार, ३ तारीख

तिचं टेबल तसंच आहे. थोरला म्हणाला, दोन टेबलं जोडून मोठं करू. मी म्हटलं, हात लावलास तर बघ. ड्रॉइंग बोर्ड मात्र कोठारातून परत आणवला, पुसला, आणि मधे न ठेवता उजव्या खिडकीपाशी लावला. उजेड तिकडे जास्त आहे. खोली आता वाकडी दिसते. दिसू दे.

आज थोरला दिवसभर साइटवर होता. त्याला एकदाही फोन केला नाही. धाकटीला तीनदा केला. तिन्ही वेळा उचलला नाही. माझा पारा असा चढला होता की चौथ्यांदा केला, तेव्हा कुठे उचलला. मागे पुलाखालच्या नदीचा की वाऱ्याचा कसला तरी आवाज येत होता.

"आई! कामावर आहे गं मी. सारखं सारखं काय फोन करतेस?"

"सारखं नाही," मी म्हटलं. "तुलाच करतेय."

आणि ती काही बोलायच्या आत फोन ठेवून दिला.